वर येण्याचं गणित

मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा’ करून आलेलं कोणी ना कोणी आता प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असतं. तिथला बहुतेकांचा अनुभव काही मीटर खोलीचा असतो. प्रशिक्षकाने धरून ठेवलेलं असतं, आणि थोडा वेळ मासे पाहून झाले की माणूस परत बोटीवर येतो. त्यात हिशेबाचं काम फारसं नसतं, आणि जे असतं ते प्रशिक्षकच करतो. रीतसर कोर्स करून किनाऱ्यापासून दूरच्या प्रवाळापर्यंत जाणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरहून अधिक किलोमीटर आत, आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. या पठाराचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. पहिला कोर्स केलेल्यांना १८ मीटरपर्यंतच जाण्याची मुभा असते. म्हणजे ती मर्यादा जिथे संपते, त्याच्याही खाली हा प्रवाळ सुरू होतो.

अशा ठिकाणी उडी मारण्याआधी काही गोष्टी कागदावर ठरलेल्या असाव्या लागतात. किती खोल जायचं, तळाशी किती मिनिटं राहायचं, वर कोणत्या वेगाने यायचं, कुठे थांबायचं, आणि दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याआधी किती वेळ बोटीवर बसायचं. हे सगळे प्रश्न एकाच हिशेबाचे भाग आहेत हे ज्याने प्रथम नीट मांडून दाखवलं, त्या शास्त्रज्ञाचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन. आपल्याकडे हाल्डेन म्हटलं की आठवतात ते जे. बी. एस. हाल्डेन, भारतात येऊन इथलेच झालेले जीवशास्त्रज्ञ. जॉन हे त्यांचे वडील.

जॉन हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरोत, एका खानदानी स्कॉटिश घरात झाला. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सलर झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. त्यांचं लक्ष लागलं ते हवेकडे. डंडी शहरात सहकाऱ्यांबरोबर ते मध्यरात्रीनंतर गरिबांच्या एका खोलीच्या घरांत जाऊन झोपलेल्या कुटुंबाच्या उशाशी हवेचे नमुने भरून घेत. त्यानंतर लंडनच्या गटारांत उतरून त्यांनी तिथली हवा तपासली. गटारातली हवा रोग पसरवते असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. हाल्डेन यांना ती वरच्या कोंदट खोल्यांतल्या हवेपेक्षा फारशी वाईट आढळली नाही.

पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथेच राहिले. त्यांच्या कामाची पद्धतही तिथेच पक्की झाली. एखादा वायू माणसाला काय करतो हे कळायचं असेल तर तो आधी स्वतः घ्यायचा, आणि शुद्ध राहील तोवर नोंदी करायच्या. १८९५ मध्ये त्यांनी कार्बन मोनॉक्साइड हुंगत स्वतःच्या रक्ताचे नमुने तपासले. रक्तातलं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या विषारी वायूने अडवेपर्यंत ते थांबले नाहीत. पाय लटपटू लागले, नजर धूसर झाली, मगच प्रयोग संपला. आजची कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं मेली. हाल्डेन तिथे गेले. मृतांच्या त्वचेवरची गुलाबी झाक त्यांनी ओळखली. स्फोटाच्या दणक्याने गेलेले थोडेच होते. बहुतेकांचा जीव स्फोटानंतर उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. लहान प्राण्यांना हा वायू माणसाच्या कितीतरी आधी बाधतो, म्हणून बचावपथकाने तसा प्राणी सोबत न्यावा असं त्यांनी सुचवलं. खाणीतल्या पिंजऱ्यातली कॅनरी ती हीच. ब्रिटनच्या खाणींत ती १९८६ पर्यंत होती. खाणीतून बाहेर आल्यावर आपण सुखरूप असल्याची तार त्यांनी पत्नीला केली, आणि केल्याचं विसरून पुन्हा केली, मग पुन्हा. तारांचा ढीग पाहून कॅथलीनबाईंनी काय ते ओळखलं असणार. नवऱ्याच्या डोक्यात वायू भिनला होता.

१९०५ साल त्यांच्या आयुष्यात दोन अंगांनी महत्त्वाचं ठरलं. जे. जी. प्रीस्टली यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की आपल्या श्वासाची लय मुख्यतः ऑक्सिजनच्या कमतरतेवर ठरत नाही, ती ठरते कार्बन डायऑक्साइडच्या साठ्यावर. हा वायू रक्तात जरासा वाढला की मेंदू श्वास वाढवतो. त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने खोल पाण्यातल्या पाणबुड्यांच्या अडचणी तपासण्यासाठी समिती नेमली आणि हाल्डेन यांना त्यात घेतलं.

त्या काळचा पाणबुड्या म्हणजे तांब्याचं शिरस्त्राण, रबरी कापडाचा अंगभर पोशाख, शिशाचे बूट, आणि वरच्या बोटीतून हातपंपाने नळीवाटे पाठवलेली हवा. अडचणी दोन होत्या. एक तर थोडं खोल गेलं की पाणबुडे धापा टाकू लागत आणि काम सोडून देत. पाण्याच्या दाबाने असंच होणार, असं सगळे धरून चालले होते. हाल्डेन यांनी शिरस्त्राणातली हवा तपासली आणि जुना परिचित सापडला, कार्बन डायऑक्साइड. खोलीबरोबर दाब वाढतो तशी पंपातून येणारी हवा आक्रसते. वर भरपूर वाटणारी हवा खाली पुरत नाही आणि उच्छ्वास शिरस्त्राणातच साचतो. खोली वाढेल त्या प्रमाणात पंप वाढवा, एवढा साधा तोडगा त्यांनी दिला. धाप थांबली.

दुसरी अडचण अधिक भयंकर होती. तळाशी ठणठणीत असलेला माणूस वर आल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात सांधेदुखीने वाकडा होई. कोणाचे पाय लुळे पडत, कोणी मरे. पुलांचे पाये खणण्यासाठी दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांमध्येही हेच दिसलं होतं. कारणाचा शोध हाल्डेन यांच्या आधीच लागला होता. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं होतं की दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. गोळी सोड्याच्या बाटलीतली गोळी आत ढकलल्यावर जे होतं, तेच माणसाच्या रक्तात. तेव्हा हळूहळू वर या, असा सल्ला त्यावरून निघाला. पण हळू म्हणजे किती? हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं उत्तर शेळ्यांनी दिलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी दाबकोठी होती. ए. ई. बॉयकॉट हे डॉक्टर आणि नौदलाचे लेफ्टनंट गाय डॅमंट असे दोन जोडीदार हाल्डेन यांना मिळाले. उंदीर-सशांचं रक्त इतक्या झपाट्याने फिरतं की नायट्रोजन आला तसा निघून जातो, त्यामुळे त्यांच्यावरून माणसाचा अंदाज बांधता येत नाही. शेळी त्या मानाने जवळची. शिवाय तिचं दुखणं दिसतं. सांधा धरला की शेळी पुढचा पाय उचलून उभी राहते. डझनावारी शेळ्या कोठीत घातल्या गेल्या. काही लंगडल्या, काही मेल्या. आज ज्यांचे सांधे आणि मणके शाबूत राहतात त्यांच्यावर या जनावरांचंही ऋण आहे.

यातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला यंत्र फारसं लागत नाही, डोकं लागतं. शेळ्यांचा एक गट ६ वातावरणांइतक्या दाबातून झटकन २.६ वर आणला. दुसरा ४.४ वातावरणांतून झटकन १ वर, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत. दोन्हीकडे उतार सारखाच, ३.४ वातावरणांचा. पहिला गट धडधाकट राहिला. दुसऱ्यातल्या बहुतेकींना त्रास झाला आणि काही दगावल्या. म्हणजे दाब किती उतरला हा प्रश्नच नव्हता, तो कितीपट उतरला हा होता. पहिल्या गटासाठी ती घट सव्वादोन-अडीच पटीच्या दरम्यान होती, दुसऱ्यासाठी जवळपास साडेचारपट. पाणबुड्यांचा अनुभवही याला जुळत होता. १० मीटरवर दाब २ वातावरणांचा असतो आणि तिथून थेट वर आल्याने सहसा कोणाला काही झालेलं नव्हतं. यावरून हाल्डेन यांनी नियम बांधला की दाब निम्मा होईपर्यंत वर यायला हरकत नाही.

गंमत अशी की हा नियम त्या वेळच्या सल्ल्याच्या उलटा होता. तळापासून वरपर्यंत एकाच संथ चालीने या, असं पुस्तकं सांगत. त्यात खोल पाण्यात घालवलेला वेळ वाया जाई, आणि नुसता वाया नव्हे, त्या वेळात अंगात आणखी नायट्रोजन भरे. हाल्डेन यांनी सांगितलं की पहिला टप्पा बऱ्यापैकी लवकर चढा, पण पृष्ठभाग जवळ आला की ठरावीक खोलींवर थांबत थांबत या. खरा धोका शेवटच्या १० मीटरांत आहे, कारण तिथेच दाब दोनाचा एक होतो.

पण थांबायचं किती? इथे त्यांनी शरीराचे मनातल्या मनात पाच भाग पाडले. रक्त, मेंदू यांसारख्या भरपूर रक्तपुरवठ्याच्या ऊती नायट्रोजनने लवकर भरतात आणि लवकर रिकाम्या होतात. चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो, आणि तिथे रक्त कमी फिरतं. ती सावकाश भरते आणि सावकाशच सोडते. म्हणून अर्धं भरायला ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं लागणाऱ्या अशा पाच कप्प्यांचा हिशेब त्यांनी मांडला. लहान डाइव्हमध्ये पहिले कप्पे भरतात, मोठ्या किंवा लागोपाठच्या डाइव्हमध्ये शेवटचे. वर येताना पाचांपैकी एकाही कप्प्यात मर्यादा ओलांडली जाता कामा नये. एका अंगात अशी पाच वेगवेगळी घड्याळं चालतात हे त्यांच्या आधी कोणी आकड्यांत मांडलं नव्हतं.

ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉक स्ट्रायव्हन या खाडीत, प्रत्यक्ष समुद्रात परीक्षा झाली. डॅमंट आणि नौदलाचे गनर कॅटो टप्प्याटप्प्याने २१० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ मीटर, खाली गेले. एका डाइव्हमध्ये कॅटो खाली दोरखंडात अडकले आणि ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ तळाशी राहिले. घाबरून लगेच वर ओढलं असतं तर ते वाचले नसते. तक्त्याप्रमाणे थांबे घेत त्यांना सुमारे दीड तासात वर आणलं, आणि त्यांना काही झालं नाही.

हाल्डेन कुटुंबही तिथे होतं. १३ वर्षांच्या मुलाला, म्हणजे पुढच्या जे. बी. एस. ना, वडिलांनी मोठ्या माणसाचा पोशाख चढवून पाण्यात उतरवलं. मनगटाशी पोशाख सैल होता, त्यातून गार पाणी आत शिरत वर चढत गेलं. पोराने ठरलेला वेळ काढला आणि ठरल्या चालीनेच वर आला. या वडिलांना बेजबाबदार म्हणावं की काय, वाचकांनी ठरवावं. याच पोराला त्यांनी त्याआधी खाणीत नेलं होतं, आणि छताशी साचलेल्या मिथेनचा परिणाम कळावा म्हणून उभं राहून शेक्सपियरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं होतं. मुलगा मध्येच कोसळला. खाली जमिनीशी हवा चांगली होती, त्यामुळे लगेच शुद्धीवर आला.

बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा निबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच नौदलाने तक्ते वापरायला घेतले होते. त्यांची सगळ्यांत मोठी कसोटी डॅमंट यांनीच घेतली. जानेवारी १९१७ मध्ये ‘लॉरेंटिक’ हे ब्रिटिश जहाज आयर्लंडच्या उत्तरेला सुरुंगांवर आदळून बुडालं. त्यावर सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. खोली सुमारे ४० मीटर. १९२४ पर्यंत डॅमंट यांच्या माणसांनी ३,१८६ विटा वर काढल्या. डाइव्ह झाल्या पाच हजारांच्या आसपास, आणि एकही पाणबुड्या दगावला नाही.

तक्ते निर्दोष नव्हते. थोड्या वेळाच्या डाइव्हला ते गरजेपेक्षा कडक निघाले आणि खोलवरच्या मोठ्या डाइव्हला अपुरे. त्रास झाला नाही म्हणजे बुडबुडे झालेच नाहीत, असं हाल्डेन धरत. पुढे ध्वनिलहरींच्या यंत्रांनी दाखवलं की काही त्रास नसलेल्या पाणबुड्यांच्या रक्तातही बारीक बुडबुडे असतात. अमेरिकन नौदलाने प्रत्येक कप्प्याची मर्यादा वेगळी ठरवली. झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमन यांनी कप्पे १६ केले. आज स्कूबावाल्यांच्या मनगटावर जो डाइव्ह कॉम्प्युटर असतो, त्यांतल्या कित्येकांत ब्यूलमन यांचंच गणित चालतं. मांडणी मात्र तीच आहे, भरणारे-रिकामे होणारे कप्पे आणि दाबाच्या पटीची मर्यादा.

आता आंग्रियाचा हिशेब करून पाहू. २० मीटरवर दाब ३ वातावरणांचा. नेहमीच्या हवेवर, दिवसातली पहिलीच डाइव्ह असेल, तर प्रचलित मनोरंजन-डाइव्ह तक्त्यांपैकी एक तिथे सक्तीच्या थांब्याशिवाय ४५ मिनिटं राहू देतो. ३० मीटरवर तीच सवलत २० मिनिटांवर येते. दुसरा हिशेब सिलिंडरचा. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा असते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, अडीअडचणीसाठी राखून बोटीवर परतायचं. उरली १,८०० लिटर. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटरवर ६० लिटर घेतो, म्हणजे जेमतेम ३० मिनिटं, आणि त्यातच उतरणं-चढणंही आलं. म्हणजे इथे नायट्रोजनच्या आधी हवा संपते. ३० मीटरवर हवा २२ मिनिटांची आणि मुभा २० मिनिटांची, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ एकदमच येतात. त्यात प्रवाह जोराचा असला, पाय मारावे लागले, की श्वास वाढतो आणि हे सगळे आकडे खाली येतात. हवा वाचवायला श्वास रोखण्याचा शहाणपणा काही जण करतात. त्याने कार्बन डायऑक्साइड साचून डोकं ठणकतं. वर येताना श्वास रोखला तर प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसच फाटू शकतं.

वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. तक्त्याने सक्ती केली नसली तरी थांबायचं. त्या शेवटच्या ५ मीटरांची भीती हाल्डेन यांच्या शेळ्यांपासूनची आहे. दुपारची डाइव्ह सकाळपेक्षा कमी खोल आणि कमी वेळाची ठेवायची, कारण सावकाश रिकामे होणारे कप्पे अजून भरलेलेच असतात. विमान पकडायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबायचं. विमानात दाब कमी असतो, म्हणजे ते आणखी वर येणंच झालं. आंग्रियासारख्या ठिकाणी या आकड्यांत थोडी अधिक कंजुषी करावी. बोटीने परतायला अनेक तास लागतात, आणि बुडबुड्यांवर खरा उपचार दाबकोठीतच होतो. जवळची चालू कोठी कुठे आहे, तिचा फोन कोणाकडे आहे, बोटीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, हे बंदर सोडण्यापूर्वी विचारावं. आयोजकाला याचं उत्तर देता येत नसेल तर पैसे परत मागावेत.

हाल्डेन यांचं पुढचं आयुष्यही हवेच्याच मागे गेलं. १९११ मध्ये ते अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चार हजार मीटरहून उंच शिखरावर विरळ हवेतला श्वास अभ्यासायला गेले. १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या रणांगणावर क्लोरिन सोडला, तेव्हा तो कोणता वायू आहे हे ओळखायला सरकारने त्यांनाच फ्रान्सला पाठवलं. परत आल्यावर तो स्वतःवर घेऊन त्यांनी मुखवट्यांचं काम सुरू केलं. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. पंचाहत्तरीतही ते इराण-इराकच्या तेलक्षेत्रांत जाऊन मजुरांना होणारा उष्माघात तपासत होते. त्या प्रवासाहून परतले आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या घरी न्यूमोनियाने गेले. पाठीवर सिलिंडर घेऊन मोकळं पोहता येईल असं कूस्तो आणि गान्यां यांचं उपकरण आलं १९४३ मध्ये.

मुलाने दाबकोठीतले प्रयोग चालू ठेवले. १९३९ मध्ये ‘थेटिस’ पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, त्यानंतर जे. बी. एस. ने स्वतःला कोठीत कोंडून घेऊन चाचण्या केल्या. त्यात झटका येऊन त्यांच्या पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारतीय नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी दिला गेला.